जुन्या इन्सर्टमधली आग मंदावताना

१९७३च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेतल्या अनेक घरांत फायरप्लेसच्या कोनाड्यात पोलादी किंवा ओतीव लोखंडाच्या बंदिस्त शेगड्या बसल्या. त्यांना इन्सर्ट म्हणतात. जुन्या इन्सर्टबद्दल एक तक्रार नेहमीची: लाकूड भराभर जळतं आणि पहाटे घर गार पडतं.

कारण बहुधा जादा हवा. आधी दार तपासा. दाराच्या कडेची फायबरग्लासची दोरी झिजली की फटीतून हवा शिरते. शेगडी थंड असताना कागदाची पट्टी दारात धरून दार लावा. पट्टी अलगद निघून आली, तर दोरी बदला. उंच धुराडं हवा जोरात खेचतं, कडाक्याच्या थंडीत तर अधिकच. तिथे जाणकाराकडून झडप बसवून घ्यावी.

मग लाकूड. ओक, हिकरीसारखं जड आणि २० टक्क्यांहून कमी ओल असलेलं घ्या. जाड ओंडके खेटून रचा. बारीक फाटे भडाभडा पेटतात.

मात्र आग गुदमरवू नका. आधी १५-२० मिनिटं ती जोमाने धरू द्या, मग हवा टप्प्याटप्प्याने कमी करा. ज्वाळा दिसत राहायला हवी. लाकूड नुसतं धुमसलं, तर धुराड्यात क्रिओसोटचा ज्वालाग्राही थर साचतो आणि धुराडंच पेटू शकतं. जुन्या इन्सर्टना अनेकदा वरपर्यंत नळी नसते. तिथे हा धोका मोठा. म्हणून दरवर्षी धुराड्याची तपासणी आणि घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांना हे आवर्जून सांगा.