दूर जाणारी पावले

सुरगाण्याच्या डोंगरातून कित्येक माता द्राक्षबागांच्या मजुरीसाठी घर सोडतात. मागे राहिलेल्या लेकीचे मन कोण जाणतो? पेद्रो आल्मोदोवार यांच्या १९९१ मधील ‘ताकोनेस लेखानोस’ या स्पॅनिश चित्रपटातील मुलगी गायिका आईच्या टाचांचा दूर जाणारा आवाज ऐकत मोठी झाली. आई परतताच ती जाब विचारते. स्पेनमधील अनेक टीकाकारांस हा भावनातिरेक रुचला नाही. प्रेक्षकांनी मात्र गर्दी केली, आणि १९९३ साली फ्रान्सने त्यास ‘सेझार’ पारितोषिक दिले. आपल्या ‘उंबरठा’ (१९८२) या चित्रपटाने घर सोडणाऱ्या मातेची बाजू समर्थपणे मांडली. चिमुकल्या राणीस मात्र जाब विचारता आला नाही. तेव्हा अश्रूंस हसण्यापूर्वी ते कोणाचे, हे टीकाकाराने पाहावे.