जुना कागद जपून ठेवा
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



आजच्या आनंदाच्या दिवशी आजारपणाचा विषय काढते, याची आधीच क्षमा मागते. पण ऐकणाऱ्यांपैकी एकीला जरी उपयोग झाला, तरी पुष्कळ झाले.

समजा, कर्करोगामुळे एखाद्या बाईचे एक मूत्रपिंड काढले. ती बरी झाली, संसाराला लागली. दहा-बारा वर्षांनी तपासणीत तिच्या स्वादुपिंडात गाठ दिसते. दुखत नाही, खुपत नाही. पण घरचे हाय खातात. स्वादुपिंडाच्या कर्करोगाची धास्ती सर्वांनाच असते ना! अशा वेळी धीर सोडू नये. त्या गाठीचे माहेर मूत्रपिंडातले असू शकते. तसे असेल तर तिची चाल बहुधा सावकाश असते आणि पुष्कळदा ती शस्त्रक्रियेने काढता येते.

गाठ स्वादुपिंडाच्या शेपटाकडे असली, तर तेवढा भाग काढतात. बरेचदा पांथरीही काढावी लागते. मग जंतुसंसर्ग टाळण्यासाठी लसी घ्याव्या लागतात. गाठ डोक्याकडे असली, तर लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय वगैरे काढून पुन्हा जोडणी करतात. न्यूयॉर्कचे डॉ. ॲलन व्हिपल यांनी १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या शस्त्रक्रियेवरून ही पद्धत पुढे आली. सबंध स्वादुपिंडच काढले, तर इन्शुलिन आणि जेवणाबरोबर पाचक औषध जन्मभर घ्यावे लागते. योग्य निवड केलेल्या रोग्यांपैकी निम्म्याहून अधिक जण शस्त्रक्रियेनंतर पाच वर्षांनीही हयात असल्याचे अनेक शल्यचिकित्सकांनी नोंदवले आहे.

मात्र ही शस्त्रक्रिया मोठी आहे. जोडातून पाचक रस झिरपला, तर दुखणे लांबते. म्हणून जेथे अशा शस्त्रक्रिया नेहमी होतात, तेथेच ती करावी. रोग इतरत्रही पसरला असेल, तर आज परिणामकारक औषधे आहेत; काहींच्या बाबतीत नुसते लक्ष ठेवणेही शहाणपणाचे ठरते.

तेव्हा भगिनींनो, एवढे करा. मूत्रपिंड काढल्याला कितीही वर्षे झाली, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तपासणी सोडू नका. नव्या डॉक्टरांना ती जुनी हकीकत आधी सांगा. आणि गाठीच्या तपासणीचा जुना अहवाल रद्दीत घालू नका. दागिन्यांच्या पावत्या आपण डब्यात जपतो. हा कागदही त्याच डब्यात ठेवा. वेळ आली, तर तोच दागिन्यांहून मोलाचा ठरेल.