अठराव्या वर्षानंतर



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आपल्या दृष्टीआड राहिलेल्या एका वर्गाविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी. बालगृहांतील मुलांना आपण नाताळात फराळ पाठवितो, कपडे देतो. परंतु तेच मूल अठरा वर्षांचे झाले म्हणजे कोठे जाते, हे आपल्यापैकी कितीजणांनी विचारले असेल?

जळगावच्या रेल्वे स्थानकावरील कचराकुंडीत पंचवीसेक वर्षांपूर्वी एक दृष्टिहीन बालिका सापडली. आईबापांचा शोध लागेना, तेव्हा रिमांड होममधून तिची रवानगी अमरावती जिल्ह्यातील वझ्झरच्या बालगृहात झाली. तेथे श्री. शंकरबाबा पापळकरांनी तिला माला हे नाव दिले आणि, विशेष म्हणजे, स्वतःचे आडनावही दिले. ती ब्रेल लिपी शिकली, पदवीधर झाली आणि २०२४ साली महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक परीक्षा उत्तीर्ण झाली. त्याच वर्षी बाबांना पद्मश्री मिळाली. अनाथ दिव्यांगांना अठराव्या वर्षी संस्थेबाहेर काढू नये, असा कायदा व्हावा, ही त्यांची जुनी मागणी आहे. मालाच्या यशाकडे पाहता ती मला सर्वथा रास्त वाटते. विशीनंतर मिळालेले हे यश अठराव्या वर्षी दार बंद झाले असते तर मिळते ना.

सरकारने काहीच केले नाही, असे मात्र म्हणवत नाही. २०१५ च्या बालन्याय अधिनियमात अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या साहाय्याची, तरतूद आहे. नियमान्वये ते एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवादात्मक स्थितीत तेविसाव्यापर्यंत मिळू शकते. मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी दरमहा ४,००० रुपये ठरविले आहेत. २०१८ साली महाराष्ट्राने शिक्षण व नोकरीत अनाथांस एक टक्का आरक्षण दिले.

तथापि खोली भाड्याने मागू जाणाऱ्या तरुणाला घरमालक पहिला प्रश्न विचारतो तो बापाच्या नावाचा आणि गावाचा. तेथे आरक्षण काय करणार? दुकानात नोकरी मागावी तर ओळखीचा माणूस हवा. ताप आला तर पेज कोणी द्यावी? लग्नाची बोलणी कोणी करावी? ही उणीव कोणत्याही कचेरीतून भरून निघणारी नाही.

म्हणून माझी विनंती साधी आहे. धुळे व जळगाव येथे ज्यांची खोली रिकामी असेल, दुकानात वा कारखान्यात जागा असेल, अथवा अशा एखाद्या मुलामुलीसाठी ओळखीचा माणूस म्हणून उभे राहण्याची तयारी असेल, त्यांनी येत्या रविवारी मिस्सानंतर माझ्याकडे नाव द्यावे. त्यांना बरोबर घेऊन मी जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्यांच्या भेटीस जाईन.