डॉक्टर वाचतात ते लिहितं कोण?

(कळंब येथील ऊसतोड महिलांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



पिशवी काढलेल्या कितीजणी इथे आहेत, असं हात वर करायला लावून मी विचारणार नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली नीलम गोऱ्हे समितीच्या वेळी पाहणी झाली. ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. आपले कळंब-वाशी-भूमचे कोयतेही त्याच फडांत जातात.

पिशवीबरोबर अंडाशयही काढलं, की तिशी-पस्तिशीतच पाळी गेल्याचा त्रास सुरू. अंगाची आग, झोप नाही, हाडं ठिसूळ. मग कुणी हार्मोनच्या गोळ्या लिहून देतं. गोळी विष नाही. इतक्या कमी वयात अंडाशय गेलेल्या बाईला ती लागूही शकते. पण अमेरिकेत पाळी गेलेल्या सरसकट बायकांना ती वर्षानुवर्षं खपवली गेली. २००२ साली सोळा हजारांवर बायकांची चाचणी मध्येच थांबवावी लागली. दोन हार्मोनच्या एकत्रित गोळीने स्तनाचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात वाढलेले दिसले.

हजारो बायका कोर्टात गेल्या. म्हणून तर २००९ साली वायथ कंपनीची कागदपत्रं उघडी पडली. १९९८ ते २००५ या काळात १८ वैद्यकीय नियतकालिकांत आलेले २६ लेख कंपनीने पैसे मोजून भाडोत्री लेखकांकडून तयार करवले होते. नाव मात्र मोठ्या डॉक्टरांचं, आणि कंपनीच्या पैशाचा लेखात उल्लेख नाही. सही सरपंचबाईची आणि ठराव नवऱ्याचा, हे आपल्याला नवं नाही म्हणा!

बरं, आपण वाचून बघावं, तर एकेका लेखाला तीसेक डॉलर मागतात. लिहिणाऱ्या शास्त्रज्ञाला त्यातला पैसा मिळत नाही, तपासणाराही बहुधा फुकटच राबतो. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना मंजूर केली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. सरकारी कॉलेजांना दार उघडलं, चांगलंच झालं. बारावी शिकलेली कार्यकर्ती अजून उंबऱ्याबाहेरच आहे.

मागच्या महिन्यात एका मावशींबरोबर दवाखान्यात गेले होते. डॉक्टरांनी गुळगुळीत छापील कागद पुढे केला, "बघा, शास्त्रात लिहिलंय." मावशींना अक्षर येत नाही. त्यांनी कागद उलटापालटा केला आणि म्हणाल्या, "डाक्टर, हे लिवलंय कुणी?"

डॉक्टर म्हणाले, बघून सांगतो. येत्या मंगळवारी आम्ही दोघी पुन्हा जाणार आहोत. कुणाला यायचं असेल तर या.