जुनी शेतयंत्रे आणि आपले कर्तव्य
(ज्ञातिमेळाव्यात दिलेले भाषण)



आपल्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थ्यांचा गौरव, वधुवर-परिचय, वसतिगृहाचा निधी या विषयांचा दरसाल विचार होतो, आणि तो योग्यच आहे. यंदा कार्यकारी मंडळाने आम्हांला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही मुद्दाम निराळा विषय मागून घेतला. जुने छोटे ट्रॅक्टर, हाताने धरून चालवावयाचे पॉवर टिलर आणि त्यांना जोडावयाची अवजारे यांची दुरुस्ती व निगा, हा तो विषय होय. ज्ञातीच्या व्यासपीठावर नट-बोल्टाची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या ज्ञातीने पिढ्यान् पिढ्या गावचा नांगर चालता ठेवला, तिच्या व्यासपीठावर ही चर्चा शोभणार नाही तर कोठे शोभेल?

आमचे आयुष्य खडू-फळ्यात गेले. परंतु घर भात्या-ऐरणीचे. सुतार आणि लोहार यांची गणना बलुतेदारांच्या पहिल्या ओळीत होत असे. सुताराने तिफण, वखर, कोळपे करावे, लोहाराने फाळाला धार काढून पाणी द्यावे, आणि खळ्यावर धान्याचा वाटा घ्यावा, असा तो व्यवहार होता. त्या व्यवहारात जुलूमही होता, आणि तो मोडला याचे आम्हांला दुःख नाही. परंतु त्यातली एक गोष्ट मोलाची होती. मृग निघाला आणि तिफणीचे चाडे मोडले, तर ते दुरुस्त करणारा माणूस त्याच गावात होता. पेरणी त्याच्यामुळे खोळंबत नसे.

पुढे काळ पालटला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावास लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते, असा त्या वेळी अनेक शेतकऱ्यांचा समज होता; तो दूर होण्यास काळ जावा लागला. लोखंडी नांगराने लाकडाचे काम कमी केले, पण दुरुस्तीचे काम नाहीसे केले नाही. आज आपल्या दोन्ही जिल्ह्यांत बैलही कमी झाले. कंधारची लाल कंधारी आणि देवणीची देवणी या नामांकित जाती. पण दोन-तीन एकरांच्या धन्याला बैलजोडी वर्षभर पोसणे परवडत नाही. तिची जागा छोट्या यंत्राने घेतली. म्हणजे गावचा नांगर बदलला. तो चालता ठेवण्याची गरज बदललेली नाही.

या यंत्रांचे कूळ थोडे समजून घ्यावे. ऑस्ट्रेलियातील क्लिफर्ड हॉवर्ड नावाच्या तरुणाने १९१२ च्या सुमारास इंजिनाच्या जोरावर फिरणाऱ्या पात्यांनी जमीन भुसभुशीत करण्याचे प्रयोग आरंभिले. आपला रोटाव्हेटर त्याच प्रयोगांचे फळ. आयर्लंडचा हॅरी फर्ग्युसन याने तीन बिंदूंनी अवजार ट्रॅक्टरला जोडण्याची युक्ती काढली. तिच्यामुळे अवजार ट्रॅक्टरचाच एक अवयव बनले. आज आपल्या दारातील कोणताही ट्रॅक्टर पाहा, मागे तेच तीन बिंदू दिसतील. आपल्या देशात १९५९ साली फरीदाबादेस आयशर कंपनीचा ट्रॅक्टर बाहेर पडला. बंगलोरच्या व्ही. एस. टी. कंपनीने १९६७ पासून जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने पॉवर टिलर आणले. पिंजोरच्या एच. एम. टी. कारखान्याने १९७१ साली झेटर जातीचा २५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर काढला, आणि १९७४ साली मोहालीहून स्वराज आला, ज्याचा आराखडा दुर्गापूरच्या सरकारी संशोधनसंस्थेत भारतीय अभियंत्यांनी केला होता. एच. एम. टी.चा ट्रॅक्टर-कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. परंतु त्याचे ट्रॅक्टर बंद पडले नाहीत. कारखाना मिटला तरी यंत्र जगते, ते केवळ दुरुस्त करणाऱ्याच्या हातांवर.

आता प्रत्यक्ष निगेकडे वळू. शाळामास्तराच्या सवयीने आम्ही हा पाठ चार शब्दांत बांधला आहे: हवा, पाणी, तेल आणि ताण.

पहिली हवा. आपली काळी जमीन उन्हाळ्यात पिठासारखी उडते. ती धूळ इंजिनात गेली की पिस्टनच्या रिंगा आणि लायनर यांना कानशीसारखी खाते. जुन्या यंत्रांत हवा गाळण्यासाठी तेलाचे भांडे असते. नांगरटीच्या दिवसांत ते रोज उघडून पाहावे; तळाशी गाळ दिसला की तेल बदलावे, आणि खुणेच्या रेषेपर्यंतच भरावे. या कामास पाव तास लागतो. लायनर बदलण्यास हंगाम लागतो.

दुसरे पाणी. रेडिएटरच्या जाळीत भुसा व कचरा अडकला की इंजिन तापते. जाळी मागून पुढे धुवावी. पाण्यात बुडबुडे उठू लागले, तर हेडाच्या गॅसकेटची शंका घ्यावी. तापल्या इंजिनावर गार पाणी कधीही ओतू नये. बिडाला चीर जाते, आणि बिडाची चीर सांधणे हे कसबी माणसाचेच काम आहे.

तिसरे तेल. अनेक यंत्रांत इंजिनातील, गिअरपेटीतील आणि हायड्रॉलिकमधील तेल निरनिराळे असते. तेथे एकाचे दुसऱ्यास चालत नाही. हायड्रॉलिकचे तेल दुधासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले असे समजावे. डिझेलचेही येथेच सांगतो. नळीच्या जोडातून सेकंदाला एक थेंब गळत असेल, तर बिघडले काय, असे पुष्कळ जण म्हणतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरा. आठ तासांचे २८,८०० सेकंद. म्हणजे दिवसाला सुमारे दीड लिटर डिझेल मातीत गेले! हे गणित आम्ही वर्गात घातले असते, तर मुलांनी बापाला घरी जाऊन सांगितले असते.

चौथा ताण. पॉवर टिलरमध्ये इंजिनाचा जोर पट्ट्यांमधून पुढे जातो. अंगठ्याने दाबल्यास पट्टा बोटाच्या जाडीइतका लवावा. सैल पट्टा घसरून जळतो, फार ताठ पट्टा बेअरिंग खातो. अनेक पट्टे असल्यास सर्व एकदमच बदलावे. जुन्या-नव्यांची जोडी जमत नाही.

अवजारांचीही हीच कथा. रोटाव्हेटरची पाती डावी आणि उजवी अशी दोन प्रकारची असतात. उलटसुलट बसवली तर यंत्र थरथरते आणि जमीन सारखी होत नाही. पात्यांचे बोल्ट पहिल्या तासाभराच्या कामानंतर पुन्हा आवळावे. नांगराचा फाळ झिजला तर नवा घेण्यापूर्वी आपल्या भट्टीची आठवण ठेवावी. टोक वाढवून, घडवून, बेताचे पाणी दिलेला फाळ पुन्हा कामाचा होतो. फार कडक पाणी दिले तर तो दगडावर तुटतो, कमी दिले तर वाकतो. हा बेत पुस्तकात नाही, पोलादावर चढणाऱ्या रंगाकडे पाहणाऱ्या डोळ्यात आहे. पेरणीयंत्राच्या नळ्या हंगाम संपताच धुवाव्या. उरलेले खत ओल धरते आणि पत्रा खाते. यंत्र ठेवून देताना डिझेलची टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत दव धरत नाही. आणि ट्रॅक्टर लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवल्यास टायर बसत नाहीत.

जिवाच्या गोष्टी दोन आहेत. त्या आपल्या भगिनींनीही ध्यानात घ्याव्या. ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा, ज्याला पीटीओ म्हणतात, तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. धोतराचा सोगा किंवा पदर अडकला तर ओरडण्यासही अवकाश मिळत नाही. त्यावरील झाकण मोडले असेल तर ते बसविल्यावाचून यंत्र परत देऊ नये, मग गिऱ्हाईक कितीही घाई करो. दुसरी गोष्ट टिलरची. सपाटीवर डावी मूठ दाबली की टिलर डावीकडे वळतो. उतारावर मात्र सुटलेले चाक पुढे धावते आणि टिलर उजवीकडे वळतो. हे नवख्या चालकाला सांगितल्यावाचून यंत्र त्याच्या हाती देणे म्हणजे पाप आहे.

येथे एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. कंधार तालुक्यातील एका शेतकऱ्याचा जुना टिलर ऐन जूनमध्ये बंद पडला. शहरातील एका दुकानात त्यास सांगण्यात आले, की इंजिन संपले, हे भंगारात घाला आणि नवे घ्या. आपल्या ज्ञातीतील एका तरुणाने ते इंजिन पाहिले. डिझेलच्या नळीच्या जोडातील तांब्याची चकती दबून गेली होती आणि पंप हवा ओढत होता. चकती बदलली, एअर काढला, हॅंडल मारले. इंजिन सुरू झाले. वाफसा जाण्यापूर्वी पेरणी झाली. त्या शेतकऱ्याचा एक हंगाम आणि कर्जाचा एक डोंगर वाचला. खर्च म्हणाल तर एका जेवणाहून कमी.

आता खरा मुद्दा. त्या तरुणाचे लग्न दोन वर्षे जमत नव्हते. मुलगा निर्व्यसनी, कमाई चांगली, घर स्वतःचे. परंतु मुलीकडचे म्हणत, वर्कशॉपवाला नको. शिपाई असला तरी चालेल, पण नोकरीवाला पाहिजे. बंधुभगिनींनो, हे म्हणणारे परके नव्हते. आपल्याच ज्ञातीचे होते. दसऱ्याला आपण हत्यारांची पूजा करतो आणि हत्यार धरणाऱ्या हाताला मुलगी नाकारतो, यापरता विसंवाद कोणता? आपली मुले पुण्यास जाऊन दुसऱ्याच्या कारखान्यात तेच पाने फिरवितात, आणि येथे मोंढ्यावर जुनी यंत्रे वजनावर विकली जातात.

आमचा हट्ट असा नाही, की आपल्या प्रत्येक मुलाने भट्टीपाशीच बसावे. ज्याला डॉक्टर व्हावयाचे आहे त्याने व्हावे. धंदा जन्माने चिकटत नाही. म्हणून जो कोणी शिकावयास येईल, मग तो कोणत्याही जातीचा असो, मुलगा असो वा मुलगी, त्याला आपण शिकवावे. तसेच प्रत्येक जुने यंत्र वाचवावे असेही आम्ही म्हणत नाही. जेथे क्रॅंक अनेकदा घासून मापाबाहेर गेला, बीड तडकले आणि सुटे भाग मिळणे थांबले, तेथे गिऱ्हाईकास स्पष्ट नको म्हणावे. कारागिराची अब्रू दुरुस्तीत आहे, तशीच अशा नकारातही आहे.

सबब आमच्या चार सूचना आहेत. पहिली, प्रत्येक तालुक्यास एक सामाईक हत्यारपेटी असावी. नोझल तपासण्याचे यंत्र, मापाने आवळणारा पाना, मायक्रोमीटर अशी महाग साधने एकट्याला झेपत नाहीत. दुसरी, दरवर्षी मे महिन्यात, मृगाच्या आधी, नांदेड आणि लातूर येथे आठ-आठ दिवसांचे शिबिर भरवावे आणि परभणीच्या कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांस पाचारण करावे. तिसरी, आपले जे वृद्ध कारागीर आहेत, त्यांच्यापाशी एकेका विद्यार्थ्याने वही घेऊन बसावे आणि कोणत्या यंत्राला कोणता भाग चालतो, कोणते माप लागते, हे सर्व लिहून घ्यावे. ते कसब अक्षरांत उतरले नाही, तर माणसाबरोबरच सरणावर जाईल. चौथी सूचना सर्वांत स्वस्त आहे. पुढील वर्षीच्या वधुवर-परिचयाच्या यादीत ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘यंत्रकारागीर’ हा शब्द मोठ्या अक्षरांत छापावा, आणि तो वाचून आईबापांनी पान उलटू नये.

वह्या पुरविण्याचे आणि लिहिलेले तपासून देण्याचे काम आम्ही आजच अंगावर घेतो. लाल शाई अजून शिल्लक आहे. बाकीच्या तीन कामांसाठी नावे द्यावीत, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.