नवऱ्याचा रिपोर्ट

(सिंधुदुर्गातल्या कट्टा गावच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



पत्रिकेवर 'पुरुषांचं वंध्यत्व' हे शब्द छापावेत की नाहीत, यावर व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांत बरीच चर्चा झाली म्हणे. त्यांनी ते छापले आणि तुम्ही आलात, याचा मला फार आनंद आहे. मे महिना आहे, मुंबईचे चाकरमानीही गावी आलेले आहेत. हा विषय त्यांच्यासमोर बोलायचाच आहे.

लग्नाला दोन वर्षं झाली की आपल्याकडे विचारणा सुरू होते. "काय गो, अजून काय नाय?" हे सुनेला विचारतात, मुलाला कोणी विचारत नाही. मग ग्रामदेवतेला गाऱ्हाणं, कौल, आंगणेवाडीच्या भराडीदेवीला नवस. श्रद्धेविषयी मला काही म्हणायचं नाही. पण नवसाच्या जोडीने जी डॉक्टरी सुरू होते, तीही एकट्या सुनेचीच. सोनोग्राफी, नळ्या मोकळ्या आहेत का ते पाहायचा एक्स-रे, दुर्बिणीची तपासणी. कुडाळ झालं, कणकवली झाली, मग बांबोळी नाहीतर कोल्हापूर. चार-पाच वर्षांत फाइल हातात मावत नाही एवढी होते. अशा फाइली मी पुष्कळ उघडल्या आहेत. त्यात अनेकदा नवऱ्याच्या नावाचा एकही कागद नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली सांगितलं की, जगात दर सहा माणसांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत कारण पुरुषाकडे असतं, त्याच्या एकट्याकडे किंवा दोघांकडे मिळून. रात्र रात्र दशावतार पाहणाऱ्या आपल्याला यात नवल वाटू नये. विचित्रवीर्य निपुत्रिक गेला, पांडूला शापामुळे बाप होता येईना, हे महाभारताने उघडपणे सांगितलं. आपण मात्र घरातल्या मुलाबद्दल तोंड उघडत नाही.

तपासणी तर अगदी साधी. दोन ते सात दिवसांचा संयम, एक नमुना, आणि तासाभराच्या आत सूक्ष्मदर्शकाखाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या निकषांप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये 1 कोटी 60 लाख शुक्राणू ही खालची मर्यादा धरतात. पहिला रिपोर्ट वाईट आला तर घाबरून जाऊ नका, काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करा. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात आणि मधल्या काळातला एखादा कडक तापसुद्धा आकडा पाडतो. गालगुंड, वृषणाभोवतीच्या शिरांच्या गाठी, तंबाखू अशी कारणंही असतात. पण संख्या फारच कमी असेल किंवा शुक्राणू अजिबात दिसत नसतील, तर रक्त तपासायला हवं. कारण तिथून पुढची गोष्ट बरेचदा जनुकांची असते.

त्यातलं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे एक जादा एक्स गुणसूत्र. पुरुषात एक एक्स आणि एक वाय असतो. अशा पुरुषात दोन एक्स आणि एक वाय. अमेरिकेतल्या हॅरी क्लाइनफेल्टर यांनी 1942 साली या स्थितीच्या लक्षणांचं वर्णन केलं आणि 1959 साली एडिंबरोच्या पॅट्रिशिया जेकब्स आणि जॉन स्ट्राँग यांनी जादा गुणसूत्र दाखवून दिलं. जन्मणाऱ्या साधारण 600 मुलग्यांमागे एक असा असतो. म्हणजे या पंचक्रोशीतही असणारच. तो नोकरी करतो, क्रिकेट खेळतो, गणपतीत नाचतो. थोडा उंच असतो, वृषणं लहान असतात, एवढंच. लग्न होऊन मूल होईना तेव्हा पहिल्यांदा कळतं. पूर्वी अशा माणसाला डॉक्टर सरळ 'नाही' म्हणत. आता शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाखाली वृषणातल्या एकेका नलिकेत शोध घेतात आणि जवळपास निम्म्यांत थोडे तरी शुक्राणू सापडतात. मूल होवो न होवो, या माणसाची हाडं, साखर आणि पुरुषी संप्रेरक यांच्यावर जन्मभर लक्ष ठेवावं लागतं. निदान झाल्याचा हाही उपयोग.

आता वाय गुणसूत्राकडे येतो. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण एवढी विलक्षण रचना मी शरीरात दुसरीकडे पाहिलेली नाही.

आपली बाकीची गुणसूत्रं जोडीजोडीने असतात. एकावर काही बिघडलं तर जोडीदारावरचा मजकूर बघून दुरुस्ती करता येते. वायला असा जोडीदार नाही. मग लाखो वर्षं तो टिकला कसा? अमेरिकेतल्या डेव्हिड पेज यांच्या गटाने 2003 साली याचं उत्तर छापलं. वायच्या लांब बाहूवर आठ ठिकाणी मजकूर उलटसुलट, आरशात पाहावा तसा लिहिलेला आहे. शाळेत आपण 'ती होडी जाडी होती' म्हणायचो. पुढून वाचा, मागून वाचा, तेच. वायवरची ही विलोमपदं बहुतेक काही लाख अक्षरांची असतात. एका बाजूला चूक झाली तर गुणसूत्र स्वतःवरच दुमडतं आणि दुसऱ्या बाजूवरून दुरुस्त करून घेतं. स्वतःच स्वतःचा जोडीदार होतं.

पण जिथे सारखा मजकूर अनेकदा येतो, तिथे गफलतही होते. शुक्राणू घडताना दोन सारखे तुकडे चुकीच्या जागी जुळतात आणि त्यांच्यामधला सगळा भाग गळून पडतो. कधी कधी एका वेळी 35 लाख अक्षरं जातात. शुक्राणू घडवणारी जनुकं नेमकी तिथेच असतात. इटलीच्या तिएपोलो आणि झुफार्दी यांनी 1976 साली सहा पुरुषांमध्ये वायचा टोकाकडचा भाग नसल्याचं पाहिलं होतं. पुढे त्या भागाचे ए, बी आणि सी असे तीन विभाग ठरले. आपल्या देशात हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत के. थंगराज, लालजी सिंग आणि सहकाऱ्यांनी शुक्राणू अजिबात नसलेल्या 340 भारतीय पुरुषांचं रक्त तपासलं. 2003 साली त्यांनी प्रसिद्ध केलं की, त्यांतल्या साडेआठ टक्के पुरुषांच्या वायमधून तुकडा गेलेला होता.

याचा व्यवहारात उपयोग काय, ते नीट ऐका. ए किंवा बी विभाग पूर्ण गेला असेल तर शस्त्रक्रियेत शुक्राणू सापडण्याची आशा जवळजवळ नसते. मग त्या माणसाला टेबलावर घ्यायचंच कशाला? एका रक्ततपासणीने त्याची चिरफाड, कर्ज आणि पत्नीला टोचायची सगळी इंजेक्शनं वाचतात. सी विभाग गेला असेल तर निम्म्याच्या आसपास लोकांत शुक्राणू मिळतात. हे आधी समजून घ्या आणि मगच वंध्यत्व उपचार केंद्राला पैसे भरा. कोणी ही तपासणी न करताच शस्त्रक्रियेची तारीख देत असेल, तर 'आधी वायची तपासणी करा' असं म्हणायला संकोच करू नका.

आता आणखी एक गोष्ट. वंध्यत्व वारशाने येतं असं कोणी पूर्वी म्हटलं असतं, तर ते वेडेपणाचं वाटलं असतं. ज्याला मूलच नाही, त्याचा वारसा कुणाकडे जाणार? 1992 साली ब्रुसेल्सहून बातमी आली की एकच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडून मुलं जन्माला आली आहेत, आणि हा प्रश्न खरा झाला. बापाचा अपुरा वाय जसाच्या तसा मुलाकडे जातो. मुलगी झाली तर तिला वाय मिळतच नाही. मुलगा झाला तर त्याला मोठेपणी हीच अडचण येणार, हे आईबापांना आधी माहीत हवं. सी विभाग गेलेल्यांत शुक्राणूंची संख्या वयाबरोबर आणखी घटू शकते. म्हणून अशा मुलाचा नमुना तरुण वयातच गोठवून ठेवण्याचा विचार करता येतो. बापाच्या वायच्या तपासणीचा कागद जपून ठेवा. मुलाला योग्य वयात सांगा.

काही कारणं मात्र चांगली बातमी घेऊन येतात. वीस-बावीस वर्षांचा मुलगा, मिसरूड नीट फुटलेलं नाही, आवाज कोवळा. मी त्याला विचारतो, "सुक्या बांगड्यांचा वास येतो का रे?" तो आईकडे बघतो. आई म्हणते, याला लहानपणापासून कसलाच वास येत नाही. गर्भात असताना पौगंडावस्था सुरू करणाऱ्या पेशी नाकाजवळ जन्मतात आणि तिथून चालत मेंदूत जातात. काही जनुकांत दोष असला की ही वाट अडते. वासही येत नाही आणि वयातही येता येत नाही. हा कॉलमन सिंड्रोम. यात वृषणं चांगली असतात, फक्त त्यांना मेंदूतून हुकूम मिळत नाही. तो हुकूम इंजेक्शनने देता येतो. दीड-दोन वर्षं चिकाटीने उपचार केले तर बहुतेकांत शुक्राणू तयार होतात आणि अनेकजण घरच्या घरी बाप होतात. पण अशा मुलाला मूल हवं असताना नुसतं टेस्टोस्टेरॉन टोचणं चूक आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शुक्राणू बनणं थांबतं. जिममध्ये शरीर कमावण्यासाठी ते टोचून घेणाऱ्या धडधाकट मुलांनाही हे लागू आहे. आयांनो, मुलांना हे नक्की सांगा.

आणखी एक प्रकार तर डॉक्टरांच्या बोटांना कळतो. वृषणातून शुक्राणू वाहून नेणारी नळीच जन्मतः नसते. कारखाना चालू, रस्ता नाही. सुईने शुक्राणू काढता येतात. पण हा दोष बहुतेक वेळा सीएफटीआर नावाच्या जनुकाचा असतो आणि पत्नीमध्येही त्याच जनुकाचा दोष असेल, तर बाळाला फुप्फुसांचा गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून इथे पत्नीचंही रक्त तपासायचं. वारंवार गर्भपात होत असतील तर दोघांची गुणसूत्रं पाहा. नवरा अगदी निरोगी असूनही त्याच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदललेले असू शकतात. मामेबहिणीशी लग्न झालं असेल, तर तेही डॉक्टरांपासून लपवू नका.

आणि हे सगळं करूनही पुष्कळ पुरुषांत कारण सापडत नाही. शुक्राणू मिळाले नाहीत तर दात्याचे शुक्राणू आहेत. त्यासाठी 2021चा कायदा आहे आणि त्या मुलाला जोडप्याच्या स्वतःच्या मुलाचे सगळे हक्क आहेत. दत्तक आहे. दोघांनीच राहायचं ठरवलं, तर तेही घर पूर्ण आहे. 1986 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, तेव्हापासून आपल्या राज्यात हे ज्ञान आहे. ते कट्ट्यापर्यंत पोचायला चाळीस वर्षं लागायला नको होती. जनुकं कोणी मागून घेत नाही. जादा एक्सबद्दल मुलाने मान खाली घालायची नाही आणि त्याच्या वायसाठी सुनेने बोलणी खायची नाहीत.

आता प्रश्न घेऊ. कार्यकर्ते कोरे कागद फिरवत आहेत. चिठ्ठीवर प्रश्न लिहा, नाव लिहू नका. ज्यांना इथे विचारायचं नाही, त्यांच्यासाठी मी उद्या सकाळी शाळेच्या वर्गात बसणार आहे. येताना दोघं या.