'मिस कमला' लिहिणारी बाई

एखाद्याच्या नावामागे 'पहिली' हा शब्द लागला की एक गंमत होते. त्या व्यक्तीने पुढे आणखी काय केले, हे विचारायचे आपण विसरतो. टी. पी. राजलक्ष्मी यांचे असेच झाले. पहिल्या तमिळ बोलपटाची नायिका, एवढ्या एका ओळीत सिनेमाचा इतिहास त्यांची बोळवण करतो. प्रश्नमंजूषेत त्या ओळीला एक गुणही मिळतो. पण या बाईंनी कादंबरी लिहिली, स्वतः पैसे घालून चित्रपट काढला, तो दिग्दर्शित केला. मी स्वतः कविता लिहितो म्हणून असेल, मला त्यांच्यातल्या नटीइतकेच त्यांच्यातल्या लिहिणाऱ्या बाईचे कुतूहल आहे.

राजलक्ष्मी यांचा जन्म १९११चा, कावेरीकाठच्या तिरुवैयारू गावातला. हे गाव तंजावरपासून जवळ. भोसल्यांचे राज्य तिथे १८५५ पर्यंत होते, त्यामुळे तंजावर हे नाव मराठी माणसाला परके नाही. संगीताच्या जगात मात्र तिरुवैयारू म्हणजे संत त्यागराजांचे गाव. त्यांची समाधी तिथेच आहे. गाणे त्या मातीतच होते म्हणायचे. पण राजलक्ष्मी यांचे घर सनातनी ब्राह्मणाचे. त्या काळच्या रीतीप्रमाणे अगदी लहानपणी, खेळण्याच्या वयात, त्यांचे लग्न लावून दिले गेले. ते टिकले नाही. वडीलही गेले. आई मुलीला घेऊन तिरुचिरापल्लीला आली आणि तिथे ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नाटक कंपनीत दाखल झाली.

हे वाक्य आपण आज सहज वाचतो. १९२०च्या आसपास ब्राह्मणाघरची, सासर सुटलेली मुलगी रंगमंचावर उभी राहते, याचा अर्थ घराचे दार मागे बंद झाले असाच होता. आपल्याकडे तेव्हा बालगंधर्व शालू नेसून उभे राहत होते, कारण चांगल्या घरच्या बाईने तोंडाला रंग लावायचा नसतो, असे सगळ्यांनी मिळून ठरवले होते. तमिळ मुलखातही असंख्य स्त्रीभूमिका पोरेच करीत. अशा वेळी राजलक्ष्मी गात राहिल्या, नाटक कंपन्यांतून फिरत राहिल्या आणि विशीच्या आत नावाजल्या गेल्या. पुढे मूकपटांतही त्यांनी कामे केली.

मग आले १९३१ साल. १४ मार्चला गिरगावातल्या मॅजेस्टिक सिनेमात अर्देशिर इराणी यांचा 'आलम आरा' लागला आणि पडदा बोलू लागला. इराणी हुशार माणूस. हिंदी बोलपट चालतो तर तमिळही चालेल, हे त्यांनी ओळखले. मुंबईतच, 'आलम आरा'साठी उभारलेल्या सेटवर, एच. एम. रेड्डी यांच्या दिग्दर्शनाखाली 'कालिदास' तयार झाला. नायिका राजलक्ष्मी. त्या तमिळ बोलत, नायक पी. जी. वेंकटेशन तेलुगूत उत्तर देत, आणि बाकीच्यांत कुणी आणखी तिसऱ्याच भाषेत. आज 'पॅन इंडिया' म्हणून जे मिरवतात, ते इथे अडचणीपोटी होऊन गेले होते!

कथा आपल्या ओळखीची. गर्विष्ठ राजकन्येचे लग्न कपटाने एका अडाणी गुराख्याशी लावले जाते, देवीची कृपा होते आणि तो कवी कालिदास होतो. या कथेत मध्येच राजलक्ष्मी यांनी त्यागराजांची तेलुगू कीर्तने गायिली, आणि त्याच दमात गांधीजींच्या चरख्याचे गाणेही. कालिदासाच्या काळात चरखा कुठून आला, असे कुणी विचारले नाही. प्रेक्षकांना तेच ऐकायचे होते. नाटकाच्या रंगमंचावर देशभक्तीची गाणी म्हणून टाळ्या घेण्याची सवय त्यांनी बोलपटात आणली होती.

'कालिदास'ची रिळे मद्रासला पोचली तेव्हाची हकीगत सिनेमाचे अभ्यासक आवर्जून सांगतात. स्टेशनपासून किनेमा सेंट्रल थिएटरपर्यंत हजारो लोक त्या पेटीच्या मागून चालले. फुले उधळली, नारळ फोडले, उदबत्त्या लावल्या. जणू पालखीच. ३१ ऑक्टोबर १९३१ रोजी चित्रपट लागला. ओठ आणि शब्द जुळत नाहीत, अशी तक्रार समीक्षकांनी केली आणि ती रास्त असणार. लोकांनी तिकडे दुर्लक्ष केले. आपल्या भाषेत पडदा बोलतोय, एवढेच त्यांना पुरे होते. आपला 'अयोध्येचा राजा' यायला आणि दुर्गाबाई खोटे तारामती म्हणून बोलायला अजून १९३२ उजाडायचे होते.

यानंतर 'वल्ली तिरुमणम'सारखे चित्रपट गाजले, 'सिनेमा राणी' ही पदवी मिळाली. यशाचा हा भाग मी भरभर सांगतो, कारण मला १९३६ सालाकडे यायचे आहे.

त्या वर्षी राजलक्ष्मी यांनी स्वतःची निर्मिती संस्था काढून 'मिस कमला' केला. कादंबरी त्यांची, पटकथा त्यांची, पैसा त्यांचा, दिग्दर्शन त्यांचे आणि नायिकाही त्याच. दक्षिणेत चित्रपट दिग्दर्शित करणारी ही पहिली बाई. कथा अशी, की मुलीचे मन एकावर असते आणि घरचे तिचे लग्न दुसऱ्याशी लावून देतात. नवऱ्याला खरे कळते, तेव्हा तो तिच्यावर हक्क सांगत नाही. तिला तिच्या माणसाकडे जाऊ देतो. मंगळसूत्रापुढे प्रश्नच संपतो अशा काळातली ही गोष्ट आहे. आणि ती लिहिणारीला, कळायच्या वयाआधी, कुणी काही विचारलेच नव्हते. लेखक आपल्या आयुष्यात जे घडले नाही ते कागदावर घडवून पाहतो, हे मी अनुभवाने जाणतो. राजलक्ष्मी यांनी ते पडद्यावर घडवले. नट टी. व्ही. सुंदरम यांच्याशी त्यांनी नंतर लग्न केले होते. मुलगी झाली तिचे नाव ठेवले कमला.

इथे एक योगायोग सांगायला हवा. भारतातली पहिली दिग्दर्शिका फातमा बेगम. मुंबईत, १९२६ मध्ये, त्यांनी 'बुलबुल-ए-परिस्तान' केला. त्यांची मुलगी झुबेदा 'आलम आरा'ची नायिका. म्हणजे आई पहिली दिग्दर्शिका आणि लेक पहिल्या बोलपटाची नायिका. राजलक्ष्मी झुबेदाच्याच सेटवर बोलल्या आणि पाच वर्षांनी फातमा बेगम यांच्या वाटेने गेल्या. मायलेकींनी उत्तरेत वाटून घेतलेले काम दक्षिणेत एकटीने केले. फातमा बेगम यांचेही नाव आज किती जणांना माहीत असते?

स्वतःची संस्था चालवणे पुढे जड गेले. चाळिशीच्या दशकानंतर त्या पडद्यावरून जवळपास दिसेनाशा झाल्या. १९६१ मध्ये 'कलैमामणि' हा सन्मान मिळाला आणि १९६४ मध्ये मद्रासला त्यांचे निधन झाले.

त्याच १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून जुनी रिळे गोळा करायला घेतली. 'अयोध्येचा राजा' हाती लागला, तो आपण आजही पाहू शकतो. 'आलम आरा' मिळाला नाही. 'कालिदास' नाही, 'मिस कमला'ही नाही. त्या काळी जुन्या फिल्ममधली चांदी काढून घेण्यासाठी रिळेच्या रिळे भंगारात विकली जात. काही गोदामांत सडून गेली, काही जळाली. तिरुवैयारूच्या मुलीने मुंबईत येऊन गायिलेली त्यागराजांची कीर्तने अशीच कुठेतरी गेली.